खांबाला तळखडा का नाही?

विचारा मास्तरांना : वाचकांचे प्रश्न, मास्तरांची उत्तरे

गेल्या अंकात ग्रीक देवळांच्या डोरिक, म्हणजे सगळ्यात साध्या घडणीच्या, खांबावर पानभर लिहिलं, त्यावर बरीच पत्रं आली. पहिलं पत्र माझी चूक दाखवणारं आहे, तेव्हा पहिला मान त्याचाच.

इचलकरंजीहून एक निवृत्त शिक्षक लिहितात : आपण लिहिलेत की डोरिक खांबाला चोवीस पन्हळी, म्हणजे वरपासून खालपर्यंत कोरलेल्या खाचा, असतात. माझ्या मुलाने अथेन्सहून पाठवलेला फोटो मी भिंग लावून पाहिला. समोरून दिसतात त्या दहा. म्हणजे वीस. चोवीस कुठून आणल्यात?

चुकलो. वीसच. चोवीस असतात त्या आयोनिक, म्हणजे ग्रीकांच्याच दुसऱ्या घडणीच्या, खांबाला. मोजायला न बसताही दोघांतला फरक कळतो. आयोनिकमध्ये दोन पन्हळींच्या मधे बोटभर सपाट पट्टी सोडलेली असते. डोरिकमध्ये दोन पन्हळी थेट एकमेकींना भिडतात आणि मधे धारदार कणी उभी राहते. ती कणी फार नाजूक. धक्का लागला की टवका उडालाच.

चोवीस आल्या कुठून तेही सांगतो. माझ्या टेबलावर दक्षिण इटलीतल्या पेस्टमच्या देवळाचा फोटो काचेखाली ठेवलेला आहे. तिथे ग्रीकांनी वसाहत केली होती आणि तीन डोरिक देवळं अजून उभी आहेत. त्यातलं इ.स.पू. ४६० च्या सुमाराचं मोठं देऊळ, ज्याला पूर्वी नेपच्यूनचं म्हणायचे आणि आता हेराचं मानतात, त्याच्या बाहेरच्या खांबांना चोवीस पन्हळी आहेत. अपवाद काचेखाली ठेवला आणि तोच नियम म्हणून छापून बसलो. एकतीस वर्षं मुलांच्या ड्रॉइंगवर लाल पेन्सिल फिरवली, त्याची परतफेड समजतो.

नाशिकहून, बँकेतून निवृत्त झालेले एक वाचक : आम्ही उभयता मे महिन्यात ग्रीसला जाऊन आलो. गाइडने अथेन्सच्या पार्थेनॉन देवळापुढे पाऊण तास उन्हात उभे केले. खरे सांगू? बेलूर-हळेबीड पाहिलेल्या माणसाला ते अर्धवट सोडलेले काम वाटते. आमच्या गावच्या वाड्यात सागवानी खांबालासुद्धा खाली घडीव तळखडा आणि वर कोरलेले हस्त होते. इथे खांब सरळ फरशीतून उगवलेला. यात एवढे नावाजण्यासारखे काय?

तुमचा वाड्याचा दाखला मला फार आवडला, कारण उत्तर त्यातच आहे. आमचे बाबा सुतार. सांगलीत त्यांचं छोटं दुकान होतं. तळखडा कशासाठी, हे मी शाळेत जायच्या आधी शिकलो: लाकडाचं बूड ओल्या जमिनीपासून आणि वाळवीपासून वर ठेवायचं म्हणून. दगडाच्या खांबाला ना ओलीची भीती ना वाळवीची. आयोनिक खांबाने तरी पायाशी गोल गोल वळ्या हौसेने ठेवल्या. डोरिकने ठेवल्या नाहीत. पण नीट बघा, तळखडा नाही असं नाही. जोत्याची सगळ्यात वरची पायरी हाच सगळ्या खांबांना मिळून एक तळखडा आहे. प्रत्येक खांबाला वेगळा पाट मांडण्याऐवजी सगळी पंगत एकाच जाजमावर बसवली, एवढंच.

माथ्यालाही हस्तच आहे, फक्त कोरलेला नाही. खांबावर परातीसारखा पसरट गोल दगड आणि त्यावर चौकोनी पाटासारखा सपाट दगड. वरच्या तुळईचा भार घेऊन तो खांबाच्या पोटात उतरवायचा, हेच हस्ताचं काम. जुन्या देवळांत ही परात फार फुगलेली दिसते, भाराखाली दबलेल्या लोडासारखी. शंभर वर्षांनी, पार्थेनॉनच्या वेळेला, ती ताठ आणि आखूड झाली. खांबही बारीक होत गेला. पेस्टमच्या सगळ्यात जुन्या देवळात, इ.स.पू. ५५० च्या आसपास, उंची जाडीच्या जेमतेम साडेचार पट आहे. पार्थेनॉनचा खांब १०.४ मीटर उंच आणि बुडाशी १.९ मीटर जाड, म्हणजे साडेपाच पट.

आता तुळईच्या वर मान करा. तिथे एकाआड एक दोन गोष्टी दिसतात: तीन उभ्या पट्ट्यांचा एक ठोकळा, मग एक चौकट, पुन्हा ठोकळा, पुन्हा चौकट. ठोकळ्याला ट्रायग्लिफ म्हणतात, चौकटीला मेटोप. प्रत्येक ठोकळ्याखाली एक बारीक पट्टी आणि पट्टीखाली सहा छोटे गोल खुंट लोंबतात.

आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला मी हे सगळं शाईने काढत घरी बसलो होतो. बाबा दुकानातून आले, पाठीमागून वाकून बघितलं आणि म्हणाले, ‘ह्या खुंट्या कशाला रे? दगडात खुंट्या कोण मारतो?’ मी म्हटलं, नक्षी आहे. ते म्हणाले, ‘नक्षी न्हवं. खुंटीच हाय ती. वर तुळईचं डोकं, त्याला लावलेली फळी, आणि खालनं ठोकलेली खुंटी.’ आमच्या प्राध्यापकांनी हे सांगायला दोन तास घेतले होते, बाबांनी चहा गार व्हायच्या आत सांगितलं. रोमन वास्तुकार विट्रुव्हियस दोन हजार वर्षांपूर्वी हेच लिहून गेला आहे: जुने सुतार तुळयांची बाहेर आलेली डोकी कापत, ती दिसायला बरी नसत म्हणून त्यांवर फळ्या ठोकत आणि फळ्यांना निळ्या मेणाचा रंग देत. नंतर देवळं दगडाची झाली तरी सुतारकाम तसंच राहिलं, फक्त दगडात.

बाबांनी मग जानव्यासारखा तिरका प्रश्नही टाकला. ‘तुळया एकाच दिशेनं जात्यात. मग डोकी चारी बाजूंना कशी?’ मला उत्तर आलं नाही. आज अभ्यासक विट्रुव्हियसच्या गोष्टीवर शंका घेतात तेव्हा त्यांचाही एक मोठा आक्षेप हाच असतो. माझं मत विचाराल तर, कल्पना सुतारकामातूनच आली, पण दगडात उतरताना तिची शोभा झाली आणि ती चारी बाजूंना फिरली. खुंट्या मात्र सुताराच्याच. त्या बाबतीत मी वडिलांच्या बाजूने.

लाकडाचा पुरावा हवा असेल तर ऑलिंपियाला हेराचं देऊळ आहे, इ.स.पू. ६०० च्या सुमाराचं. हल्ली ऑलिंपिकची ज्योत पेटवतात ती त्याच्याच समोर. तिथले खांब एकमेकांसारखे नाहीत. कुणी जाड, कुणी बारीक, माथ्याच्या पराती वेगवेगळ्या काळातल्या घडणीच्या. कारण मुळात खांब लाकडाचे होते आणि एकेक जसा कुजला तसा त्या त्या काळच्या पाथरवटाने दगडाचा बसवला, असं मानतात. पॉसानियस नावाचा ग्रीक प्रवासी इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात तिथे गेला, तेव्हा मागच्या पडवीत ओक लाकडाचा एक खांब अजून उभा होता. म्हणजे देऊळ बांधून सातशे वर्षं होऊन गेली होती.

आणि नाशिककर, कोरीव काम नाही असं तुम्हाला वाटलं, ते खांबांपुरतं. पार्थेनॉनला ब्याण्णव मेटोप होते आणि ब्याण्णवही कोरलेले. शिवाय आजचा पांढराफटक रंगही मूळचा नाही. ठोकळे निळे आणि पट्ट्या तांबड्या असत. तुम्ही पाहिलंत ते रंग उडालेलं, १६८७ मध्ये आतला दारूगोळा व्हेनिसच्या तोफांनी उडवल्यावर उरलेलं आणि पुढे ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी शिल्पं उतरवून नेल्यावरचं देऊळ. हळेबीडची अशी गत झाली असती तर?

कोल्हापूरहून, आर्किटेक्चरची दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी : सर, व्हायव्हात मला ‘डोरिकच्या कोपऱ्याची अडचण’ विचारली. मी पाठ केलेलं म्हटलं, पण मलाच कळलेलं नव्हतं.

काडेपेट्या घे. सहा खांबांसाठी सहा उभ्या, ठोकळ्यांसाठी अकरा छोट्या. नियम दोन. एक, प्रत्येक खांबाच्या बरोबर मध्यावर एक ठोकळा आणि दोन खांबांच्या मधे एक. दोन, ठोकळ्या-चौकटींचा पट्टा कोपऱ्यावर संपतो तिथे शेवटी ठोकळाच हवा, अर्धी चौकट चालणार नाही. आता मांड. मधे सगळं छान बसतं. कोपऱ्यावर ये. ठोकळा खांबाच्या मध्यावर ठेवलास तर त्याच्या बाहेर पट्ट्याचा तुकडा उघडा राहतो. ठोकळा टोकाला सरकवलास तर तो खांबाच्या मध्यावर राहत नाही आणि शेजारची चौकट लांबते. दोन्ही नियम एकदम पाळता येत नाहीत. कारण साधं आहे, खांबावरची तुळई जितकी जाड, तितका ठोकळा रुंद नसतो. दोघांची रुंदी सारखी असती तर भांडणच नव्हतं.

मग ग्रीकांनी काय केलं? ठोकळा टोकालाच ठेवला आणि कोपऱ्यातला खांब आत ओढला. पार्थेनॉनमध्ये एरवी दोन खांबांच्या मध्यांत सुमारे ४.३ मीटर अंतर आहे, कोपऱ्यात ते सुमारे ३.७ मीटर. कुठे मेटोप इंच-दोन इंचांनी लांबवून उरलेला फरक सगळीकडे वाटून टाकला. लग्नाच्या पंगतीत पानं कमी पडली की वाढपी करतात तसं. समोर उभं राहून कुणाला कळत नाही.

पण ही हातचलाखी सगळ्यांना मानवली नाही. विट्रुव्हियस सांगतो की पिथिओस, हर्मोजिनिस अशा नामांकित वास्तुकारांनी ‘देवळाला डोरिक नकोच’ असा निकाल दिला होता, कारण काय तर हा कोपरा. पिथिओसने प्रीनीला अथेनाचं देऊळ बांधलं ते आयोनिकच. व्हायव्हात पुढच्या वेळी काडेपेट्या घेऊन जा. परीक्षक चिडले तर माझं नाव सांग.

वाईहून एक बांधकाम ठेकेदार : एवढा उंच खांब एकसंध दगडाचा की जोडलेला? आणि सिमेंट नव्हते, तर सांधा कशाने भरला?

दोन्ही प्रकार आहेत. कॉरिंथला अपोलोच्या देवळाचे सात खांब उभे आहेत, ते एकसंध. नंतर मात्र जात्याच्या पाळूसारखे गोल दगड एकावर एक रचायची पद्धत पडली. पार्थेनॉनच्या एका खांबात असे दहा ते बारा दगड येतात, पेंटेलिकॉन डोंगरातल्या संगमरवराचे. खाण अथेन्सपासून सुमारे सोळा किलोमीटर.

सांध्यात काहीच भरलेलं नाही, ना चुना ना गारा. युक्ती ऐका, तुम्हाला आवडेल. दोन दगडांचे पृष्ठभाग सबंध घासत बसायचे नाहीत. कडेचं कंकण तेवढं तंतोतंत सपाट करायचं, मधला भाग किंचित खोलगट आणि खरबरीत ठेवायचा. म्हणजे टेकतं ते कडेनं, बाहेरून सांधा केसासारखा दिसतो आणि मेहनत वाचते. बरोबर मध्यात चौकोनी भोक, त्यात लाकडाचा ठोकळा आणि ठोकळ्यात लाकडी खुंटी. ती खुंटी दोन दगडांचे मध्य जुळवायची. हे लाकडी ठोकळे ॲक्रोपोलिसवर, म्हणजे पार्थेनॉनच्या टेकडीवर, सुस्थितीत सापडले आहेत, कारण सांधा इतका घट्ट की आत हवा-पाणी गेलंच नाही.

दगड उचलायला दोर अडकवायचा कुठे, म्हणून बाजूला गाठी ठेवून दगड घडवत आणि बसल्यावर त्या छिन्नीने उडवत. पन्हळी शेवटी. सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या दगडावर चार बोटं खुणा करून ठेवायच्या आणि खांब उभा राहिल्यावर वरपासून खालपर्यंत पन्हळ ओढायची. आधी कोरून मग रचलं असतं तर त्या नाजूक कण्या जागेवर पोचेपर्यंत राहिल्या नसत्या. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर सिसिलीत सेजेस्टाला जा. तिथलं देऊळ अर्धवट राहिलं. छत्तीसच्या छत्तीस खांब उभे, पण एकालाही पन्हळ नाही. पायऱ्यांच्या दगडांवर उचलायच्या गाठी अजून तशाच. मी तिथे हात लावून बघितल्या, नारळाच्या अर्ध्या करवंटीएवढ्या. काम कालच थांबलंय आणि मुकादम बिलासाठी गेलाय, असं वाटतं.

चिरे आडवे जोडायला लोखंडी कांब वापरत, पण तिच्याभोवती शिसं ओतून. शिसं हवा लागू देत नाही, त्यामुळे गंज नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पार्थेनॉनची दुरुस्ती झाली तेव्हा नवं लोखंड शिशाशिवाय घातलं. ते गंजलं, फुगलं आणि संगमरवर आतून फुटला. हल्लीच्या दुरुस्तीत ते लोखंड काढून टायटेनियमच्या कांबी घालतात. तुमच्या धंद्यात गंजलेल्या सळीने उडालेलं प्लास्टर रोजचं. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या गवंड्याला लोखंडाभोवती कव्हर ठेवायचं कळत होतं, आपल्याला अजून सांगावं लागतं.

दादरहून एक वाचिका : पार्थेनॉनमध्ये एकही रेघ सरळ नाही आणि सगळे ‘सुवर्ण गुणोत्तरा’त आहे, असा मेसेज सगळीकडे फिरतोय. खरे का?

अर्धा खरा. सुवर्ण गुणोत्तर, म्हणजे सुमारे १ : १.६, सोडून द्या, ते फोटोवर चौकोन आखून बसवलेलं आहे. मापं घेतली तर जे वारंवार सापडतं ते ४ : ९. जोत्याची रुंदी ३०.९ मीटर, लांबी ६९.५ मीटर, करा भागाकार. खांबाची जाडी आणि दोन खांबांच्या मध्यांतलं अंतर यांचंही तेच.

वाकड्या रेघांचं मात्र खरं आहे. जोतं मधे फुगलेलं आहे, अरुंद बाजूला सुमारे सहा सेंटिमीटर आणि लांब बाजूला सुमारे अकरा. खांब ओळंब्यात नाहीत, सात-एक सेंटिमीटर आत कलतात. कोपऱ्यातले खांब इतरांपेक्षा सुमारे चार सेंटिमीटर जाड. आणि प्रत्येक खांब वर निमुळता होताना सरळ रेघेत निमुळता होत नाही, पोटाशी किंचित फुगतो. पार्थेनॉनमध्ये हा फुगवटा दोन सेंटिमीटरच्या आत आहे. पेस्टमच्या जुन्या देवळात तो इतका की खांब जेवून उठल्यासारखे वाटतात. कशासाठी? विट्रुव्हियस म्हणतो, सरळ रेघ डोळ्याला खचलेली दिसते, ती भरून काढायला. कुणी म्हणतं, पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून जोतं फुगवलं. मला वाटतं, भार उचलणारी वस्तू थोडी ताणलेली दिसावी, हा त्यात हेतू असावा. ओझं उचललेल्या हमालाच्या पोटरीचे स्नायू बघा.

पण दहा मीटरच्या खांबात दोन सेंटिमीटरचा फुगवटा पाथरवटाला सांगायचा कसा? हा ड्रॉइंग मास्तरचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर १९७९ मध्ये मिळालं. तुर्कस्तानात डिडिमाला अपोलोचं प्रचंड, अपुरं राहिलेलं देऊळ आहे, आयोनिक. तिथल्या आतल्या भिंतींवर बारीक ओरखडे होते. पिढ्यान्‌पिढ्या लोक बघून गेले, कुणाला दिसले नाहीत. लोथार हासेलबर्गर या अभ्यासकाला दिसले. ती कामाची ड्रॉइंग्ज निघाली, भिंतीवर टोकदार हत्याराने काढलेली. त्यातल्या खांबाची जाडी पूर्ण मापाची आणि उंची मात्र सोळापट आखडलेली. उंची आखडली की फुगवटा एकदम डोळ्यांत भरतो. त्यावर कंस काढायचा, आडव्या रेघा मारायच्या आणि प्रत्येक रेघेवरची जाडी कर्कटकाने थेट दगडावर उतरवायची. ते ड्रॉइंग पहिल्यांदा छापलेलं पाहिलं त्या रात्री मला झोप आली नाही. भिंतीला पॉलिश करायचं राहिलं, म्हणून ते टिकलं. देऊळ पुरं झालं असतं तर पुसलं गेलं असतं.

लोणावळ्याहून एक शिक्षिका : कार्ल्याच्या लेण्यातले काही खांब यवनांनी म्हणजे ग्रीकांनी दान दिले, असे मुलांना सांगते. मग ते ग्रीक पद्धतीचे का नाहीत?

कारण दाता पैसे देतो, खांब पाथरवट घडवतो. धेनुकाकट नावाच्या गावच्या यवनांची नावं तिथे ब्राह्मीत कोरलेली आहेत हे खरं. ते जन्माने ग्रीक होते की केवळ तसं म्हणवत, यावर मतभेद आहेत. पण खांब पूर्ण इथल्या वळणाचे: खाली पायऱ्यांवर ठेवलेला घट, मधे अष्टकोनी दंड, वर उलट्या कमळासारखं शीर्ष आणि त्यावर हत्तीवर बसलेली जोडपी. मुलांना पुढच्या वेळी न्याल तेव्हा दोन गोष्टी दाखवा. छताच्या लाकडी कमानी, दगडात कोरलेल्या लेण्याला सुतारकामाची आठवण म्हणून बसवलेल्या. आणि स्तूपाच्या मागे अर्धवर्तुळात उभे असलेले सात खांब. त्यांना ना खाली घट ना वर शीर्ष, नुसते दंड. नाशिककरांनाही बरोबर न्या.

मुलुंडहून एक वाचक : ग्रीसला जाणे या जन्मी होणार नाही. डोरिक खांब जवळपास कुठे बघता येईल?

फोर्टात. हॉर्निमन सर्कलसमोर टाउन हॉल, म्हणजे एशियाटिक सोसायटीची इमारत. कर्नल थॉमस काउपरने आराखडा केला, १८३३ मध्ये पुरी झाली. तीस पायऱ्या आणि वर डोरिक खांबांची रांग. पायऱ्यांवर तुम्ही बसलाही असाल, फोटो काढले असतील, मान वर केली नसेल. संध्याकाळी चारनंतर जा, तिरप्या उन्हात पन्हळींच्या कडा स्पष्ट दिसतात. एका खांबाला हात लावून फेरी मारा आणि पन्हळी मोजा. किती भरल्या ते कळवा. माझा आकडा मी सांगत नाही, एकदा चुकून झालं आहे.